डाव्या गालाचा पुरावा

"ही तुम्ही नाही," खिडकीतली बाई म्हणाली.

"मग कोण आहे?" नकाशाबाईने विचारलं.

"ते तुम्ही सांगायचं."

आता घ्या! बेचाळीस वर्षं जिच्यासोबत काढली, ती कोण हे परक्या बाईला पटवून द्यायचं म्हणजे माणसाने करायचं तरी काय? नकाशाबाईने काचेच्या भोकाला तोंड लावून पुन्हा एकदा सांगितलं की हा गाडी चालवायचा परवाना माझाच, नाव माझंच, सही माझीच, आणि बावीस वर्षांपूर्वी तो याच कचेरीने मला दिलाय. मुदत संपतेय म्हणून नवा करून घ्यायला आलेय, एवढंच.

खिडकीतल्या बाईने संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला. एका बाजूला जुन्या कार्डावरचा काळा-पांढरा फोटो होता. वीस वर्षांची मुलगी, वेणी, तोंडभर हसू, गाल कसे धुवून ठेवल्यासारखे. दुसऱ्या बाजूला पाच मिनिटांपूर्वी याच खिडकीत काढलेला फोटो. त्यात डाव्या कपाळापासून डोळ्याखालून थेट हनुवटीपर्यंत उतरलेला जांभळट लाल डाग, दौत सांडावी तसा. खाली लाल अक्षरांत लिहून आलं होतं, 'जुळत नाही'.

"यंत्रच म्हणतंय," खिडकीतली बाई म्हणाली. मग आवाज खाली आणून, "राग मानू नका, पण हे कधी झालं? भाजलं का?"

"जन्मापासून आहे."

"मग कार्डावर का नाही?"

याचं उत्तर नकाशाबाईकडे होतं. एका शब्दाचं होतं. आई. पण ते काचेच्या भोकातून सांगून कोणाला कळणार!

खिडकीतली बाई वाईट नव्हती, नियमाची होती. तिने बोटांवर मोजून दाखवलं. एक, बावीस वर्षांपूर्वीचा किंवा त्याआधीचा असा फोटो, ज्यात डाग दिसतोय. दोन, रक्ताच्या नात्यातलं एक माणूस, समोर येऊन सांगणारं. डॉक्टरचा दाखला चालणार नाही, कारण डॉक्टर सांगणार की आज डाग आहे, तेव्हा होता की नाही हे तो काय सांगणार? आणि हे सगळं शुक्रवारपर्यंत. शुक्रवारी परवाना संपला की सगळं पहिल्यापासून, शिकाऊ परवान्यापासून.

"बावीस वर्षं चालवतेय मी!"

"कार्डावरची बाई चालवतेय," खिडकीतली बाई म्हणाली. "पुढचे या."

शुक्रवार तीन दिवसांवर होता.

नकाशाबाई इस्पितळाची गाडी चालवायची. मूत्रपिंडं थकलेल्या सात जणांना आठवड्यातून तीनदा घरून उचलायचं, डायलिसिसच्या यंत्रापाशी नेऊन पोचवायचं आणि चार तासांनी, पिळून काढलेल्या कपड्यांसारखे झालेले असताना परत घरी सोडायचं. आठ वर्षं हेच. कोणाला कुठल्या पायरीवर हात द्यावा लागतो, कोणाला पुढच्या सीटवर बसवलं नाही तर मळमळतं, परतताना कोण गप्प असलं की काळजी करायची, सगळं तिला तोंडपाठ. नावही तिथलंच. गाडीतल्या निवृत्त हेडमास्तरांनी पहिल्याच दिवशी चष्मा पुसून तिच्याकडे रोखून पाहिलं होतं आणि म्हणाले होते, "बाई, तुमच्या गालावर अख्खा खंड आहे. हे आखात, हे भूशिर. चाळीस वर्षं भूगोल शिकवला, असा नकाशा पाहिला नाही." गाडीतले बाकीचे एकदम खिडकीबाहेर बघायला लागले. आणि नकाशाबाई इतकी हसली की हँडब्रेक काढायचा विसरली.

कारण आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी सरळ बघून काहीतरी बोललं होतं. बाकीचं जग फार सभ्य हो! लोक बोलायचे तिच्या उजव्या कानाशी. दुकानदार सुटे पैसे द्यायचे तिच्या खांद्याकडे बघत. पोलीस गाडी थांबवायचे, कार्ड बघायचे, तिच्याकडे अर्धा क्षण बघायचे आणि नजर खाली. बावीस वर्षांत एकाच्याही ध्यानात आलं नाही की कार्डावरच्या बाईला डाग नाही. ध्यानात यायला नीट बघावं लागतं, आणि नीट बघणं त्यांना वाईट दिसतं. काय करायचंय असल्या चांगुलपणाला?

इस्पितळाच्या व्यवस्थापकाने सरळ सांगितलं, "सोमवारी नवा परवाना दाखवलात तर गाडी तुमची. नाहीतर माझ्याकडे दुसरा माणूस तयार आहे, आणि तो कायमचं मागतोय."

"दुसरा माणूस पायरीवर हात देईल का?" परतताना हेडमास्तरांनी विचारलं. नकाशाबाईने गिअर असा टाकला की गाडी कळवळली.

घरी आल्या आल्या तिने चप्पल काढायच्या आधी विचारलं, "आई, जुने फोटो कुठे आहेत?"

आई अडुसष्ट वर्षांची. कान तिखट, जीभ त्याहून. मायलेकी दोघीच राहायच्या. "कशाला हवेत?"

"माझा डावा गाल दिसणारा एक फोटो पाहिजे."

"दोन्ही गाल असतात की सगळ्या फोटोंत."

"आई!"

आता हे घर कसं होतं ते सांगायला हवं. या घरात डाग हा शब्द बेचाळीस वर्षांत कोणी उच्चारला नव्हता. कपड्यावर तेल सांडलं तरी 'काहीतरी लागलंय' म्हणायचं. नकाशाबाईच्या गालावर जे होतं त्याला आई 'ते' म्हणायची. ऊन लागलं की 'ते' जास्त दिसतं. थंडीत 'ते' जरा बरं असतं. जसा काही घरात राहायला आलेला एखादा नकोसा पाहुणा, ज्याचं नाव घेतलं तर तो मुक्काम वाढवेल.

तीन अल्बम पलंगावर पसरले. पहिल्या फोटोत सहा महिन्यांची नकाशाबाई आईच्या खांद्यावर, डावा गाल खांद्यात रुतलेला. दुसऱ्यात तीन वर्षांची, टोपडं एवढं मोठं की त्यातून फक्त नाक बाहेर आलंय. शाळेच्या वर्गाचे फोटो सहा, आणि सहांत मिळून ती शून्य.

"मी कुठे आहे यात?"

"फोटोच्या दिवशी तुला ताप असायचा."

"सहाही वर्षं?"

"नाजूक होतीस."

"मी? अगं, झाडावरून पडून दुसऱ्या दिवशी शाळेत गेले होते मी!"

आई अल्बमची पानं उलटायला लागली, जसं काही त्यात दुसरंच काही सापडणार होतं. पुढचे सगळे फोटो एकसारखे. वाढदिवसाचा असो, मामाच्या नव्या घराचा असो, सहलीचा असो, आई नकाशाबाईच्या डाव्या बाजूला, आणि आईचा गाल लेकीच्या गालाला घट्ट चिकटलेला. नातेवाईक म्हणायचे, मायलेकींचा किती जीव आहे एकमेकींवर! नकाशाबाईलाही लहानपणी तसंच वाटायचं. कॅमेरा दिसला की ती स्वतःहून डावा गाल आईसमोर करायची. तेरा-चौदा वर्षांची झाल्यावर कळलं की तो गाल तिथे कशासाठी यायचा. कळलं तेव्हा ती दोन दिवस आईशी बोलली नव्हती, आणि आईने कारण विचारलं नव्हतं.

"सत्तावन्न फोटो आहेत," ती अल्बम आपटून म्हणाली. "सत्तावन्न! आणि एकातही मी नाही."

"शाळेचे सोडले तर सगळ्यांत तूच आहेस."

"अर्धी!"

"बरं बाई, चुकलं माझं. सगळं माझंच चुकतं." आईचा आवाज चढला. "लोक काय बोलायचे ते तू ऐकलंस का? मी ऐकलं. पोटात असताना काय केलंस म्हणून मला विचारायचे. घाबरलीस का, कोणाचं वाईट चिंतलंस का, चोरून काही खाल्लंस का. तुला नव्हते विचारत, मला विचारायचे. फोटो घरात राहतात गं, मागून कोणीही बघतं."

"आणि परवान्याचा फोटो? तो तर मी एकटीने जाऊन काढला होता."

आई अल्बम एकावर एक रचायला लागली. आई आवरायला लागली की समजायचं, मुद्द्याला हात लागला.

"मी परत गेले होते फोटोवाल्याकडे," ती म्हणाली. "म्हटलं, कार्ड चार लोकांच्या हातात जाणार. त्याला म्हटलं, जरा बघा. चांगला तर आला होता!"

"आई, त्यात मी नाही! कचेरीने सांगितलंय तसं!"

पण खोटं कशाला बोला, तेव्हा, वीस वर्षांची असताना, नकाशाबाईलाही तो फोटो आवडला होता. गाल कुठे गेला हे तिने विचारलं नव्हतं. उरलेली एक प्रत पुस्तकात ठेवून तिने ती महिनाभर बघितली होती, आणि मग स्वतःचाच राग येऊन फाडली होती. हे तिने आईला कधी सांगितलं नाही, आणि आत्ता तर मुळीच सांगणार नव्हती.

दुसऱ्या दिवशी फेरी नव्हती. सकाळीच ती आईला घेऊन निघाली. दाराशी आईने सवयीने तिचे केस डाव्या गालावर ओढले. तिने मानेला झटका देऊन मागे टाकले. आईने परत ओढले. हा खेळ या घरात इतकी वर्षं चालू होता की दोघींचं त्याकडे लक्षही नसायचं. आज होतं.

"आई, हात लावलास तर टक्कल करून येईन."

फोटोवाले काका अजून त्याच दुकानात बसत होते. बाहेरच्या काचेत नवरा-नवरी, बाळं, म्हातारे, सगळ्यांचे फोटो. माणसं वेगवेगळी, कातडी सगळ्यांची एकच. काकांनी चष्मा कपाळावर सरकवून नकाशाबाईकडे बघितलं आणि टेबलावर थाप मारली.

"डावा गाल! ये, ये. केवढी झालीस!"

"तुम्हाला आठवतंय?"

"मला माणसं त्यांच्या खोडीवरून आठवतात. खोड काढायची तर आधी ती नीट बघावी लागते ना? तुझा गाल दोन तास भिंगाखाली बघितलाय मी. तुझ्या आईनेसुद्धा एवढा बघितला नसेल."

आई काचेतल्या बाळांकडे बघायला लागली.

काकांनी मागच्या खोलीतून वर्ष लिहिलेली एक पेटी आणली. आत कागदी पाकिटं, प्रत्येकात मोठी निगेटिव्ह. त्यांनी एक उचलून दिव्यापुढे धरली. काळ्या चेहऱ्याची, पांढऱ्या केसांची एक मुलगी हसत होती.

"मी तुम्हाला ती फाडायला सांगितलं होतं," आई तुटकपणे म्हणाली.

"सांगितलं होतंत. पण वहिनी, हातचं काम कोण फाडतं? हे बघा. इथे सगळं उलटं असतं. डाग होता तिथे फिल्म मोकळी होती, काचेसारखी. मी ती बारीक पेन्सिलीने भरली. टिंब, टिंब, टिंब. हे आता कोणाला जमत नाही. आता बटण दाबतात."

"काका, ती पेन्सिल पुसता येईल का?"

काकांचा चेहराच पडला. "पुसायची?"

"मला माझा गाल परत पाहिजे. परवा दुपारपर्यंत."

"अगं, हे माझ्या हातचं सगळ्यांत चांगलं काम आहे! मी लोकांना चांगलं दिसायला मदत करतो. एवढ्या वर्षांत कोणी तक्रार घेऊन आलं नाही."

"मी आलेय ना! तुमच्या चांगल्या कामापायी माझी गाडी जातेय, काका. सात माणसं आहेत त्या गाडीत. तुम्ही केलंत, आईने सांगितलं, सगळ्यांनी माझं भलंच केलं, आणि मीच कुठे राहिले नाही. किती भलं कराल एका माणसाचं?"

काकांनी निगेटिव्ह टेबलावर सपाट ठेवली. मग त्यांनी कापसाचा बोळा टर्पेंटाईनमध्ये बुडवला. दोन तासांचं काम अर्ध्या मिनिटात बोळ्यावर आलं, थोडी करडी घाण, बस. त्यांनी निगेटिव्ह वाळवली, स्कॅनरवर ठेवली, आणि संगणकाच्या पडद्यावर चेहरा वरून खाली हळूहळू उतरत आला. वेणीचा भांग, कपाळ, डोळे, आणि मग पूर्ण डाग, आखातासकट, भूशिरासकट.

मुलगी सरळ कॅमेऱ्याकडे बघून हसत होती. मान वळवलेली नव्हती, केस पुढे ओढलेले नव्हते. ओढायला त्या दिवशी बरोबर कोणी नव्हतंच.

आई पडद्याच्या अगदी जवळ जाऊन उभी राहिली. "दात किती छान होते तुझे," ती म्हणाली.

"दात? आई, दात?"

"मग काय म्हणू!"

नकाशाबाई आईकडे वळली, तेवढ्यात पडद्यावर काहीतरी हललं. बघते तो काय, काकांचा उजवा हात माऊसवर, आणि गालावरचं आखात हनुवटीकडून साफ होत चाललेलं!

"काका! हात!"

"अरे देवा!" काकांनी हात चटका बसल्यासारखा उचलला. "सवय गं. हात आपला जातो." त्यांनी केलेलं सगळं मागे घेतलं आणि प्रत छापून होईपर्यंत दोन्ही हात काखेत धरून बसले.

शुक्रवारी सकाळी अकराला खिडकीसमोर मायलेकींचा नंबर लागला. मागे तीसेक माणसं. खिडकीतल्या बाईने नवा छापलेला फोटो आणि जुनं कार्ड शेजारी ठेवून भिंगाने बघितलं. तीच वेणी, तीच कॉलर, वरची गुंडी तुटलेली तीही तीच. "हं," ती म्हणाली आणि तो फोटो यंत्रात चढवला. "फोटो ठीक आहे. आता नातेवाईक. आजी, पुढे या. मुलीचं ओळखचिन्ह काय आणि कधीपासून, ते सांगा. मी लिहून घेते."

आई भोकाशी वाकली. "आहे तिला ते. लहानपणापासून."

"ऐकू येत नाही. मोठ्याने."

"ते आहे तिला."

"ते म्हणजे काय?"

"हे बघा, माझ्या गालावर..." नकाशाबाईने सुरुवात केली.

"तुम्ही नाही. त्यांनी सांगायचं. आजी, काय आहे? कुठे आहे?"

आईने मागे बघितलं. तीस माणसं तिच्याकडे बघत होती. तिने ओठ ओले केले. "गालावर... जरा रंग वेगळा..."

"आजी, मला दिसायला दिसतंय, पण तुमच्या तोंडून आल्याशिवाय लिहिता येत नाही. नाहीतर पुढचा नंबर घेते."

आठ वर्षांची गाडी, सात माणसं, आणि सगळं येऊन अडलंय आईच्या एका शब्दापाशी! "आई, म्हण ना एकदाचं," ती दात ओठ खात म्हणाली. "मला काही होत नाही त्याने. कधीच झालं नाही. तुलाच होतं!"

आणि आई ओरडली. भोकातून नव्हे, काचेवरच.

"डाग! डाग आहे माझ्या लेकीच्या गालावर! डाव्या! जन्मली तेव्हापासून! नर्सने हातात दिली तेव्हा मला वाटलं रक्त लागलंय. मी ओल्या फडक्याने पुसलं. पुसत राहिले, ती रडायला लागली तरी पुसत राहिले. नाही गेला. झालं समाधान? लिहा!"

मागे रांगेत कोणीतरी खोकलं.

"एवढं नको, आजी," खिडकीतली बाई हळूच म्हणाली. "'जन्मतः' एवढंच लिहायचंय." आणि तिने तेवढंच लिहिलं.

फडक्याची गोष्ट नकाशाबाईला कोणी कधी सांगितली नव्हती. तिला आईचा भयंकर राग आला, आणि त्याच वेळी डोळे भरून आले, आणि या दोन्हींसाठी ही काय जागा होती का? समोर कॅमेरा, मागे तीस माणसं.

"मागचा फोटो रद्द झालाय, नवा काढायचाय," खिडकीतली बाई म्हणाली. "सरळ बघा. हलू नका."

"थांबा!" आई म्हणाली, आणि लगबगीने नकाशाबाईच्या डाव्या बाजूला आली. हात वर, केसांकडे.

"आई, नको! आज तरी नको! तुझ्या पाया पडते!"

आईने ऐकलं नाही. ऐकेल तर ती आई कसली! तिने गालावर आलेले केस मुठीत धरले, मागे ओढले, कानामागे नेले, स्वतःच्या अंबाड्यातली पिन काढली आणि तिथे घट्ट खोचली. मग दोन पावलं मागे सरून, पार चौकटीच्या बाहेर जाऊन उभी राहिली.

"आता काढा," ती म्हणाली.

नकाशाबाईचं तोंड भांडायला उघडलं होतं ते तसंच राहिलं, आणि क्लिक झालं. पडद्यावर हिरव्या अक्षरांत आलं, 'जुळलं'.

"वैतागलेला आलाय," खिडकीतली बाई म्हणाली. "पुढची दहा वर्षं हाच राहणार कार्डावर. परत काढू?"

"असू दे. दोनची फेरी आहे माझी."

कार्ड घेऊन दोघी पायऱ्या उतरल्या. खाली आल्यावर नकाशाबाई पिन काढायला गेली, तर आईने तिचा हात धरला.

"राहू दे तिथेच," आई म्हणाली. "गाडी चालवताना केस डोळ्यांत येतात तुझ्या."

बेचाळीस वर्षं ते केस तिथे ओढले कोणी, हे विचारायला नकाशाबाईने तोंड उघडलं, मग घड्याळाकडे बघितलं आणि मिटलं.